दोन खुंटांची नाव

यवतमाळ जिल्ह्यात मी नावा-होड्यांची नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग माझ्या सुनेकडे. म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याला विचारायचं असतं. कापूस, तूर, सोयाबीन आणि राजूरचा कोळसा, याच्यापलीकडे आमच्याकडे काही निघत नाही अशी लोकांची खात्री. नावा कुठून आल्या म्हणता? धरणातून आल्या. दारव्हा आणि आर्णीच्या मधल्या माळात ते धरण आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथंच जाळी टाकतात, आणि ती वाचायला शिकली आहेत.

तिथल्या मच्छीमार संस्थेला घाटावर बसायला कोणीतरी लिहिता येणारं हवं होतं. मी मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं (हे मीच सांगत असे), वय तिशीच्या आत. अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "पोह्यता येते का?" मी शरमून म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरं झालं. पोह्यणारा माणूस काठावर टिकत नाही." झाली नेमणूक. कागदावर मी 'घाट व्यवस्थापक', तात्पुरती. लोक म्हणत खुंटवाली बाई.

घाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दगडी पायऱ्या आल्या असतील तर त्या पुसून टाका. मुरमाड उतार, एक टिनाची खोली, मासळी तोलायचा काटा, आणि पाण्याच्या कडेनं ओळीत ठोकलेले चौदा सागवानी खुंट. प्रत्येक डोंग्याला आपापला खुंट. डोंगा म्हणजे आमच्याकडची अरुंद, लांबट नाव. एक माणूस वल्हवतो, एक जाळं ओढतो, तिसरा बसला तर देवाचं नाव घेतो. पाणी उतरलं की खुंट उपटून खाली ठोकायचे, चढलं की वर आणायचे. बारा महिने आमचा घाट असा पाण्यामागं चालत असे. हे काम मी करवून घ्यायची. म्हणजे पाणी एका जागी राहत नाही, हे मला इतर कोणापेक्षा जास्त कळायला हवं होतं. लक्षात ठेवा, पुढं माझी अक्कल दिसणार आहे.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एकदा एक नवरदेव आला, पलीकडच्या तीरावर लग्न. फेटा, सूट, कमरेला कट्यार. डोंग्यात पाय ठेवला आणि डोंगा डुलला, तसा तो मागं फिरला. म्हणाला, "नवरीले इकडे आणा." वरमाय काठावरून ओरडली, "अरे, आजच एवढा भेतं, तं पुढं काय करशीन?" शेवटी त्याला आडवा झोपवून नेला, छातीवर नारळ ठेवून. दुसरे एक साहेब पाहणीला आले होते. ते एवढे भारदस्त, की त्यांच्या बाजूला डोंगा कलायचा. नावाड्यानं समतोलासाठी पलीकडे दोन दगड ठेवले. साहेबांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "तुमचे असिस्टंट हायेत, सायेब."

हे हसण्यासारखं. पण असले दिवस महिन्यातून एखादे. रोजचा दिवस असा, की पहाटे डोंगे यायचे, मासळी तोलायची, बर्फाचा ट्रक ती घेऊन जायचा, आणि नऊच्या आत सगळं संपायचं. मग मी आणि बगळे. नवरा राजूरच्या खाणीत, महिन्यातून एकदा यायचा, तोही अर्धा दिवस झोपायचा. पोरं दारव्ह्याला माझ्या आईकडे शाळेत. दुपारी मी काट्यावर स्वतःला तोलून पाहत असे. वजन तेच असायचं, पण तेवढाच कोणाशी तरी व्यवहार झाल्यासारखं वाटे.

अशा एखाद्या दुपारी याडी यायची.

धरणाच्या दुसऱ्या बाजूला एक बंजारा तांडा होता, पंधरा-वीस घरांचा. पाणी भरलं तेव्हा त्यांची गाडीवाट बुडाली. जमिनीवरून फिरून यायचं तर बैलगाडीचा दिवस मोडायचा. पाण्यावरून यायचं तर मधे एक टेकाड होतं. धरण बांधताना ते फोडून दोन्हीकडचं पाणी जोडणारा एक चर खणला होता. दोन-तीनशे पावलं लांब, दोन्ही बाजूंना तिरप्या मुरमाच्या भिंती. लोक त्याला कॅनल म्हणत. तांड्याकडून येणारा आणि तिकडच्या पाण्यात जाळं टाकून परतणारा, प्रत्येक डोंगा त्या कॅनलमधून आमच्या घाटाला लागे.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तिचं नाव देवकीबाई, पण मासेमारांपासून बर्फाच्या ट्रकवाल्यापर्यंत सगळे याडीच म्हणत. साठीची, रुंद हाडाची, आवाज नावेच्या आधी काठाला लागायचा. आली की माझ्या खोलीत बसायची, तंबाखू मळायची, आणि मी काहीही सांगितलं तरी "हे काही खरं नाही" म्हणून हसायची.

ती वर्षं कापसाची वाईट. भाव पडलेले, खरेदी केंद्रापुढं गाड्यांची रांग. व्यापारी पूर्वी तांड्यापर्यंत माणूस पाठवायचा. आता म्हणाला, दारव्ह्याला आणाल तर पाहू. कापूस वजनाला हलका, पण जागा खातो. डोंग्यात दोन बोरे (मोठाली पोती) कसेबसे राहतात. तेव्हा तांड्यानं दोन डोंगे शेजारी शेजारी धरले, वरून आडव्या फळ्या ठोकल्या आणि एक रुंद नाव केली. जोडनाव. पंधरा बोरे, चार माणसं आणि एक शेळी, सगळं हसतखेळत मावे.

कार्तिकात ती पहिल्यांदा घाटाला आली. पुढं उभी राहून याडी ओरडली, "पोरी, दोन खुंट दे."

"एका नावेला एक खुंट," मी म्हटलं. मला नियम फार आवडायचे. घाटावर दुसरं कोणी बोलायला नसलं की माणूस नियमांशी बोलायला लागतो.

"मंग ह्या दोन नावा समज."

"मधे फळ्या ठोकल्यात ना? मग एकच झाली."

"फळ्या ठोकल्यानं एक होते का वो? तुह्यंही लगन झालं. तुहा नवरा राजूरले आन तू इथं. तुमी एक हा का दोन?"

मासेमार हसले. मी लाल झाले आणि दोन खुंट दिले.

पौषापर्यंत सगळं नीट चाललं. जोडनाव आठवड्यातून दोनदा यायची, कापूस टेंपोत चढायचा, याडी माझ्याकडे चहा प्यायची. मासेमारांची कुरकुर होती. त्यांचे म्होरके नथ्थूबाबा, अंगानं वाळलेले, बोलणं मोजकं. मला खूश असले की 'बाई' म्हणत, रागावले की 'म्याडम'.

माघात शेतीला पाणी सुटलं होतं, धरण उतरलं होतं. शेवटच्या वेच्याचा कापूस घेऊन येताना जोडनाव कॅनलच्या मधोमध अडकली. दोन्ही बाजू मुरमाला टेकल्या. ना पुढं, ना मागं. मागं नथ्थूबाबांचे तीन डोंगे, मासळीनं भरलेले. उन्हं वर आली, बर्फाचा ट्रक वाट पाहून निघून गेला. दुपारी नथ्थूबाबांनी एक रोहू आणून माझ्या टेबलावर, माझ्या उघड्या वहीवर ठेवला.

"वास घेऊन पाहा, म्याडम."

मी घेतला.

"हा घाट मासोळीवाल्याइचा हाये का कापूसवाल्याइचा, थे लिवून द्या."

त्यांचं चुकलं नव्हतं. ही मासळी म्हणजे तीन घरांची रात्रभराची मेहनत होती. संस्थेची बैठक झाली. रुंद नावेला कॅनलमध्ये आणि घाटावर जागा द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. तांड्याचे लोक म्हणाले, ही नाव बंद झाली तर आमचा कापूस तिकडेच राहील, मग आम्हीही तिकडे राहून काय करू? मासेमार म्हणाले, आमची वाट मोकळी पाहिजे. अध्यक्ष दोघांनाही घाबरत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बाई मोजून रिपोर्ट देतीन. थोच पक्का."

माझ्या आयुष्यात मला कोणी काही ठरवायला दिलं नव्हतं. माहेरी वडिलांनी ठरवलं, सासरी सासूनं. संस्थेनं मला नवीकोरी फीत आणून दिली, पत्र्याच्या डबीत गुंडाळी होणारी. ती मी उशाशी घेऊन झोपले. हसू नका. हसा, मीही हसते.

आणि मोजायला गेले कधी? जेठात. पाणी तळाला गेलेलं, कॅनलमध्ये गुडघाभर गढूळ धार. काठावर चालत जायला सोपं पडेल, साडी भिजणार नाही, हा माझा शास्त्रीय विचार. नथ्थूबाबांनी फितीचं एक टोक धरलं, मी दुसरं. याडी पळसाच्या सावलीत बसून पाहत होती.

"पोरी, आता काहून मोजतं? पाणी चढू दे, मंग मोज."

"कालवा तोच आहे ना, याडी?"

"कालवा थोच, पण थो कढईवानी हाये. बुडाले लहान, वर मोठा. कापूस काय जेठात नेतो का आमी?"

"फीत खोटं बोलत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं.

याडीनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी ती हसली नाही.

रिपोर्टात मी लिहिलं: 'मोजमाप केले असता सदर कालव्याची रुंदी जोडनावेपेक्षा दीड हाताने कमी आढळली. सबब रुंद नावेस कालव्यात व घाटावर जागा देणे योग्य होणार नाही.' सबब हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला होता. तो कागदावर इतका शोभून दिसत होता, की त्याच्यानंतर काय लिहिलंय याकडे माझं लक्षच नव्हतं. संस्थेनं ठराव केला. नथ्थूबाबा मला दोन महिने सारखे 'बाई, बाई' म्हणत होते.

कार्तिक आला. धरण काठोकाठ भरलं. एक दिवस मी खुंट वर सरकवून घेत होते तेव्हा कॅनलच्या तोंडाशी नजर गेली. तिरप्या भिंती पाण्याखाली गेल्या होत्या. दोन जोडनावा शेजारून गेल्या असत्या, वर एक डोंगाही मावला असता. फीत काढायची गरज नव्हती. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी खुंटाकडे तोंड फिरवलं आणि हातोडी मारणाऱ्याला म्हटलं, अजून दोन घाव घाल.

चार दिवसांनी याडी आली, एकट्या डोंग्यात. फळ्या काढल्या होत्या. काठावर उतरलीसुद्धा नाही.

"चाल, आता मोज."

"ठराव झाला ना, याडी. आता बैठक उन्हाळ्यात."

"एक कागद तं लिवून देशीन? कार्तिक ते पौष येऊ द्या म्हणून. माघात आमी सोताच बंद करतो."

एक कागद. तिचं सगळं म्हणणं त्या एका कागदात मावत होतं आणि ते खरं होतं. पण मी तात्पुरती. आपलाच रिपोर्ट चुकला असं लिहून दिलं तर अध्यक्ष म्हणतील, हिला ठेवायची कशाला? आणि नथ्थूबाबा पुन्हा 'म्याडम' म्हणतील. याचीच जास्त भीती वाटली, हे आज कबूल करते. पहाटेची ती तीन तासांची माणसं, तेवढीच माझी माणसं होती. ती मला सोडवेनात. म्हणून मी दुपारचं माणूस सोडलं.

"पाहते," मी म्हटलं.

याडीनं वल्हं मारलं. त्यानंतर ती चहाला थांबत नसे.

तांड्यानं त्या हंगामात एकेका डोंग्यात दोन-दोन बोरे आणले. एका फेरीचं काम सात-आठ फेऱ्यांत. पुष्कळांनी अर्धाच वेचला. पौषात एक दिवस वारा सुटला असताना याडीनं घाईनं तीन बोरे चढवले. अरुंद डोंग्यावर माणसाच्या उंचीचा ढीग. कॅनलच्या तोंडाशी वाऱ्यानं तो ढकलला आणि डोंगा उलटला. याडीला पोहता येत होतं, ती काठाला लागली. पण बोरे फुटले आणि कापूस पाण्यावर पसरला.

पाण्यात पहिली उडी नथ्थूबाबांनी मारली. मग बाकीचे मासेमार. जाळी टाकून त्यांनी कापूस ओढला. मासळीच्या जाळ्यात कापूस आलेला मी तेवढा एकदाच पाहिला. घाटावर आणून टाकला तेव्हा तो भिजलेल्या मेंढरांसारखा दिसत होता. मी काय केलं? काठावर उभी होते. मी काठावरचीच ना.

तो कापूस वाळवायला चार दिवस लागले. याडी माझ्या खोलीत राहिली. आम्ही दोघी दिवसभर मुरमावर वाकून पुंजके उलटत असू, काडी-कचरा काढत असू. ती मला तिच्या लग्नाच्या गोष्टी सांगायची, माझ्या नवऱ्याची नक्कल करायची, त्याला उभ्या जन्मात दोनदा पाहिलेलं असूनही हुबेहूब. रात्री एकाच गोधडीत झोपायचो. फितीचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. मी वाट पाहत होते, की आता काढेल, आता शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. घाटावरच्या सगळ्या वर्षांत मला एकटं वाटलं नाही ते हे चार दिवस, आणि ते तिच्या नुकसानीतून मिळाले होते.

कापूस पिवळा पडला. दारव्ह्याच्या केंद्रावर घेतला नाही. एका गादीवाल्यानं नेला.

टेंपो गेल्यावर नथ्थूबाबा काट्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "म्याडम, मोजून टाका आता. माह्यं काही म्हणणं नाही. आमची मासोळी माघात अटकली होती, कार्तिकात नाही."

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"पाणी कोणाले माहीत नाही वो? तुम्ही लिवून आणलं जेठातलं. माह्या फायद्याचं होतं, मी कायले बोलतो?"

दुसऱ्या दिवशी मी डोंग्यात बसले. नोकरीतली पहिली वेळ. नवरदेवासारखी आडवी झोपले नाही एवढंच, बाकी अवस्था तीच. नथ्थूबाबांनी वल्हवलं, मी फीत धरली. पाणी थोडं उतरलं होतं, तरी जोडनाव जाऊन वावभर, दोन्ही हात पसरावे एवढी, जागा उरत होती. रिपोर्ट लिहिला: कार्तिक ते पौष रुंद नावेस वाट व दोन खुंट द्यावेत, माघापासून बंद, आधीचे मोजमाप माझ्या चुकीने जेठात झाले. माझ्या चुकीने हे शब्द लिहायला मला सबबपेक्षा जास्त वेळ लागला. कोणी नोकरीवरून काढलं नाही. अध्यक्षांनी न वाचताच सही केली. आधीचाही रिपोर्ट त्यांनी असाच वाचला असणार.

पण बैठकीचा ठराव हातात येईपर्यंत होळी होऊन गेली होती. बंजाऱ्यांची होळी मोठी. ती खेळून तांडा उठला. पोरं आर्णीच्या बाजूला रस्त्याच्या कामावर लागली, मागोमाग घरंही तिकडे गेली.

मी ठरावाची नक्कल घेतली, दारव्ह्याहून काळीपिवळी जीप धरली आणि फाट्यावर उतरले. रस्त्याच्या कडेला नव्या झोपड्यांची ओळ होती. विचारायची गरज पडली नाही, आवाज ऐकू आला.

याडीनं मला पाहिलं आणि हाक मारली, "अवो, फीतवाली आली! काय मोजाचं हाये आता?"

मी कागद दिला. तिनं उलटसुलट पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. "वाच."

मी वाचला. सगळा, तारखेसकट. तिनं मान हलवत ऐकला.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "कार्तिक ते पौष. असंच सांगतलं होतं मी."

"हो."

"पण नाव कुठं हाये आता? एक डोंगा इकला. दुसऱ्यात ढोरं पाणी पेतात. आन फळ्याइचं हे पाह्य." तिनं झोपडीचं दार लोटून दाखवलं. अजून खिळ्यांची भोकं दिसत होती. "मजबूत झालं. कुत्रं येत नाही आत."

"परत चला ना, याडी. दोन खुंट राखून ठेवते."

"कायले वो? तिकडे कोण हाये? इथं पोराइले काम हाये, नातीची शाळा जवळ हाये." मग चुलीकडे वळत, "तिकडे आता तूच तं हायेस."

तिनं चूल पेटवली. म्हणाली, "आज राह्य. भाकर टाकतो, वांगं हाये. सकाळी जाशीन."

आणि मी, तेव्हाची ती शहाणी बाई, पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, नाही याडी, सकाळी काट्यावर कोण बसणार? शेवटची जीप निघून जाईल. तिनं दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. ठरावाची घडी घालून तिनं दाराच्या फटीत खोचली, वारा येत होता म्हणून.

त्यानंतर मी तिला भेटले नाही. दोन वर्षांनी गेले तेव्हा रस्त्याचं काम पुढं सरकलं होतं आणि झोपड्याही.

पण त्या दिवशी मी जीप गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर बसले. पाच डोंगे आले, मासळी तोलली, नावं लिहिली. नथ्थूबाबांनी विचारलं, "सांगतलं याडीले?"

"सांगितलं."

"मंग?"

मी काट्याची वजनं पुसत राहिले. ते जाळं खांद्यावर टाकून गेले. ट्रक गेला. घाट रिकामा झाला. आता संध्याकाळपर्यंत कोणी येणार नव्हतं, आणि हे मला आदल्या दिवशी त्या चुलीपुढंही माहीत होतं.